रामाकोन्याच्या पुढचा घाट: भरलेली ट्रॉली, गिअर आणि रेस

नागपूरहून सावनेर, सौंसर करत येणारा रस्ता रामाकोन्यापर्यंत गाडीची फारशी परीक्षा घेत नाही. पुढे सातपुडा आडवा येतो. सिल्लेवानीचा घाट चढून रस्ता उमरानाल्याला निघतो आणि तिथून छिंदवाड्याला. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, तर छिंदवाडा ६७५ च्या आसपास. कार-बसला हा चढ जाणवतो न जाणवतो. खरा कस लागतो तो भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा.

चढावर ओझं किती वाढतं

ट्रॅक्टर दोन टनांचा आणि मालासकट ट्रॉली पाच टनांची धरू. सपाट डांबरी रस्त्यावर हे सात टन चालतं ठेवायला साधारण १४० किलोची ओढ पुरते. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला की त्यात ३५० किलोंची भर पडते. म्हणजे ओढ एकदम साडेतीन पट.

आता वेगाचा हिशेब. ही ओढ ताशी १० किलोमीटरने घ्यायची तर चाकांवर सुमारे १८ एचपी लागतात; ताशी २० ने घ्यायची तर ३६. ट्रॅक्टर ४० एचपीचा असला तरी गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा खातात, चाकांपर्यंत तेवढी ताकद पोचतच नाही. तेव्हा घाटात हळू चढण्यात कमीपणा काही नाही. तेवढ्या मालाला तोच वेग शक्य असतो.

इंजिनाचा दम

बहुतेक ट्रॅक्टरची पूर्ण एचपी २००० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान मिळते. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मात्र त्याच्या बराच खाली, अनेक मॉडेलांत १२०० ते १५०० च्या दरम्यान, सर्वांत जास्त असतो. नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. घाटाच्या वाटेवर राहणाऱ्याला तो पाठ असायला हवा.

चढावर ओझं वाढलं की आरपीएम उतरतात, पण उतरता उतरता जोर वाढत जातो आणि इंजिन स्वतःला सावरतं. हा राखीव दम फक्त त्या आकड्याच्या वर असेपर्यंतच. त्याच्या खाली गेलं की आरपीएमबरोबर जोरही घटतो आणि पाहता पाहता इंजिन बंद पडतं. १७००-१८०० वर इंजिन एका लयीत चालतंय आणि रेस अजून थोडी शिल्लक आहे, तर गिअर बरोबर आहे. रेस पूर्ण दिली, काळा धूर निघतोय आणि काटा तरीही खालीच सरकतोय, तर गिअर वरचा पडला. अशा वेळी जास्तीचं डिझेल नुसतं धुरात जातं. शिवाय पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनावरच फिरतात. आरपीएम पडले की नेमक्या गरजेच्या वेळी थंडावाही कमी होतो.

गिअर पायथ्याशीच ठरवा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. कारमध्ये चढावर खालचा गिअर चटकन पडतो. ट्रॅक्टरचं तसं नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांचे गिअर चालत्या गाडीत सहज पडत नाहीत, आणि क्लच दाबून दांडा हलवेपर्यंत सात टनांनी आपला वेग गमावलेला असतो. दुसऱ्याच क्षणी ट्रॉली मागे ओढू लागते. म्हणून लो की हाय, दुसरा की तिसरा, हे चढ सुरू होण्याआधी सपाटीवर ठरवायचं. शंका असेल तर एक गिअर खालचा घ्यावा. ब्रेकच्या दोन्ही पेडलांची पट्टीही तिथेच जोडून घ्यावी. रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो.

मध्येच थांबावं लागलं तर

हाफ क्लचवर ट्रॅक्टर तोलून धरू नये, क्लचप्लेट जळते. ब्रेक धरून ठेवावा आणि सोबत्याने ट्रॉलीच्या चाकांमागे दगड किंवा लाकडी गुटका लावावा. मग सर्वांत खालचा गिअर टाकावा. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, म्हणून रेस हाताच्या दांड्याने द्यावी. क्लच हळूहळू सोडत इंजिनाने ओढ घेतल्याचं कळलं की मगच ब्रेक सोडावा. निघाल्यावर सोबत्याने तो दगड रस्त्यातून उचलायचा. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलला तो दिसत नाही.

पुढची चाकं

कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली गेलेली अनेकांनी पाहिली असतील. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. हूक मागच्या अॅक्सलपेक्षा उंच असला तर ओढ ट्रॅक्टरला मागे उलथवते. पुढे वजनं लावावीत आणि क्लच झटक्याने सोडू नये. माल ट्रॉलीच्या मागच्या टोकाला रचला तर हूक वर उचलला जातो आणि मागची चाकं घसरतात, तेही टाळावं.

उतरताना

ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणं ही या घाटातली सर्वांत घातक सवय आहे. गिअरमध्ये असलेलं इंजिन चाकांना रोखून धरतं. क्लच दाबला की तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो, त्यामुळे ट्रॅक्टरने दाबलेला ब्रेक मागच्या पाच टनांना थांबवत नाही. ट्रॉली मागून ढकलते आणि वळणावर ट्रॅक्टर आडवा होतो. उतारावर आरपीएम लाल रेषेकडे चढू लागले तर क्लचला हात न लावता ब्रेक थोडा थोडा, दाबत-सोडत वापरावा, आणि काटा खाली आला की पाय काढून घ्यावा.