हळदणकरांचा दिवा, मोनेचा सूर्य

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र उजळतं ते मुख्यतः छायाप्रकाशाच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ असं जलरंगकाराच्या हाती काहीच नसतं. म्हणून तो भोवताल गडद करत नेतो, आणि चित्रातल्या स्त्रीने दिव्याच्या ज्योतीच्या आडोशाला धरलेली बोटं उजेडाने तांबूस दिसू लागतात. मग रंगाचं श्रेय काहीच नाही का? आहे, चित्रातली ऊब रंगाचीच. पण कृष्णधवल छपाईतही हा दिवा तेवतच राहतो. उलट मोनेच्या १८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मधला नारिंगी सूर्य तशा प्रतीत जवळजवळ विरून जातो, कारण त्याची आणि भोवतालच्या धुकट आकाशाची उजळता जवळपास सारखीच आहे.