घाणेरीला कोयता नको, कुदळ हवी

टेकडीवरची घाणेरी काढायची म्हटलं की हात आधी कोयत्याकडे जातो. दिवसभरात उतार मोकळा दिसतो, फोटोही छान येतात. पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्याच बुंध्यांतून एकाच्या जागी चार फांद्या उभ्या. जाळली तरी तेच.

अमेरिकेच्या उष्ण भागातलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बागेच्या शोभेसाठी आपल्याकडे आणलं. ते आवरायला १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक रसशोषक कीटकही आणला. तो अजून आहे, घाणेरीही आहे.

खरी मेख जमिनीलगत आहे. खोड संपून मूळ सुरू होतं तो सांधा मातीच्या किंचित खाली असतो आणि फुटवे तिथूनच येतात. तो शाबूत असेतोवर वरून कितीही छाटा, झुडपाला ती छाटणी मानवतेच. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली पद्धत या सांध्यावरच बेतलेली आहे. लांब दांड्याच्या कुदळीने सोटमूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं. सगळी मुळं खणून काढायची नाहीत. उकरलेल्या मातीत घाणेरीचंच बी आधी रुजतं. तोडलेलं झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही.

पावसाची उघडीप बघावी. माती मऊ असते, आणि फळं काळी पडायच्या आत काम उरकतं. सगळा उतार एकदम बोडका मात्र करू नये. या जाळीत पाखरांची घरटी असतात. आधी डोकावून बघा, तुकड्यातुकड्याने काढा. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी आधी.

एवढ्यावर निम्मंच काम होतं. बुलबुल आणि साळुंक्या ती काळी फळं खातात (लहानपणी आपणही खाल्लीच की), मग झाडावर बसून विष्ठेतून बी खाली टाकतात. म्हणून पुढचे दोन-तीन पावसाळे अशा झाडांखालची जागा आधी तपासायची. मोकळ्या जागेत पवन्या, मारवेल अशा गवतांचं बी टाकून ते धरेपर्यंत चराई बंद ठेवावी. गुरं घाणेरीला तोंड लावत नाहीत, कोवळं गवत मात्र फस्त करतात.

या फेऱ्यांना कुदळ लागत नाही. वीतभर रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी उपटून येतं.