पापणीवर मेंदी चढत नाही

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४चं. इथल्या मेडिसिनच्या वॉर्डात सर विद्यार्थ्यांना पेशंट तपासायला शिकवत होते, मी मागे उभा होतो. खाटेवरची बाई ऊसतोड कामगार.

"काय व्हायलंय, मावशी?"

"लई दम लागायलाय. मोळी उचलली की डोळ्यापुढं अंधारी."

एका पोराचा हात लगेच गळ्यातल्या स्टेथोकडे गेला. "राहू दे तो. आधी त्यांना खिडकीशी आण," सर म्हणाले. फिकटपणा आणि कावीळ दिवसाच्या उजेडात बघायची, पिवळ्या बल्बखाली कावीळ लपते. बोटानं खालची पापणी ओढली, तर आतला पडदा जवळजवळ पांढरा. मग जीभ. तळहाताचा रंगही बघतात, पण कोयत्यानं घट्टे पडलेल्या हातावर विसंबायचं कसं? नखं तर मेंदीनं लाल. पापणीवर मेंदी चढत नाही.

बीपी मोजणं सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथंच जास्त घोळ होतात. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळून तिच्याखाली पट्टा बांधला की आकडा बिघडला. दंड बारीक असेल तर नेहमीच्या रुंद पट्ट्यात बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं, आणि इथं बारीक दंडांना तोटा नाही. आधी मनगटावरची नाडी धरून हवा भरायची. नाडी हरवली की आणखी तीस भरायची, मग सावकाश सोडत स्टेथोतून ऐकायचं. हे आवाज निकोलाय कोरोत्कोव या रशियन सर्जननं १९०५ साली सांगितले. वॉर्डातला पंखा आणि नातेवाइकांची बडबड त्यानं गृहीत धरली नसावी.

मला सगळ्यात आवडलं ते ठोकणं. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर घट्ट टेकवायचं, बाकीची उचललेली. उजव्या मधल्या बोटानं त्यावर टकटक, हालचाल फक्त मनगटातून. हवा भरलेलं फुफ्फुस घुमतं, पाणी साचलं असेल तिथं आवाज दगडासारखा बद्द. व्हिएन्नाच्या आऊएनब्रुगरनं १७६१ साली ही पद्धत छापली. त्याचा बाप खानावळवाला, पिंपं ठोकून दारू किती उरली ते बघणारा. पोरांची मात्र कोपरापासून हाणामारी चालली होती.

मग पोट. "पाय दुमडा, मावशी. पोट ढिलं सोडा." चाचपण्याआधी आतड्यांचे आवाज ऐकले, दाबादाबीनं ते बदलतात. चाचपताना सरांची नजर हाताकडे नव्हती, तिच्या चेहऱ्याकडे होती. दुखलं की आधी कपाळावर आठी येते. पाणथरी डाव्या बरगडीखाली, पण शोध सुरू होतो उजव्या ओटीपोटापासून. फार वाढलेली पाणथरी तिथवर येते. थेट बरगडीखाली बोटं खुपसणाऱ्याला तिची कडा सापडतच नाही. प्रत्येक श्वासाला हात तिरका वर सरकत गेला. पाणथरी लागली नाही.

ओटीपोटावर एक जुना व्रण होता.

"पिशवी काढली का?"

"व्हय."

बीड जिल्ह्यात हा प्रश्न विचारावाच लागतो. २०१९च्या शासकीय समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. किती जणींच्या पोटावर आधी कुणी नीट हात ठेवला होता, हे त्या आकड्यात नाही.

सरांनी विद्यार्थ्याला केसपेपरवर व्रणाची जागा आणि लांबी लिहायला लावली. मग पुढचा प्रश्न त्यालाच विचारायला सांगितला: अंगावर जायचं ते किती दिवस, आणि ऑपरेशनआधी रक्त तपासलं होतं का?