वैशाखात वाचलेली पुस्तकं

पुस्तकांच्या दुकानात आता पर्यावरणाचा वेगळा कप्पा असतो. नव्वदच्या सुमाराला तो नव्हता. मिरजोळ्यातून रत्नागिरीत जायचं, 1828 साली सुरू झालेल्या जिल्हा नगर वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि आमसुलं वाळत घातलेल्या अंगणाकडे लक्ष ठेवत पडवीत वाचायचं, अशी मे महिन्याची सुट्टी जायची. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (1956) तेव्हा हाती आलं. त्यात कुठे इशारा नाही, उपदेश नाही. महिन्यामहिन्याने झाडं, फुलं, आभाळ कसं बदलतं ते एक बाई तन्मयतेने पाहते आहे, एवढंच. त्याआधी वैशाख म्हणजे आम्हाला नुसता उकाडा होता.

त्याच सुमाराला आमच्याभोवतीची जमीन वेगाने बदलत होती. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबागांना पूर्ण अनुदान मिळू लागलं आणि सड्यावर हापूसची कलमं चढली. कातळात सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरची माती भरायची, कलम लावायचं. घरात पैसा आला, मुलं शिकली. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण कातळावर पावसाळ्यात फुलणाऱ्या तेरड्याचा, निळ्या-पिवळ्या फुलांचा हिशेब कुणी मांडला नाही.

हिशेब मांडायला शिकवलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने. दिलीप कुलकर्णी अभियंता. दापोली तालुक्यातल्या कुडावळ्याला येऊन कमीत कमी गरजांत राहू लागले. तिथून ‘गतिमान संतुलन’ हे मासिक काढलं, ‘निसर्गायण’, ‘दैनंदिन पर्यावरण’ लिहिलं. आपल्याला नेमकं किती लागतं, हा त्यांचा प्रश्न. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याला तो विचारणं अवघड आहे, कारण त्याच्याकडे कमी करण्यासारखं फारसं नसतंच. तो आहे आपल्यासारख्या घरांसाठी, जिथे विहिरीवर पंप बसला आणि रहाटाचे दिवस संपले. रहाटाने पाणी काढताना किती काढलं ते हाताला कळायचं. गेल्या तीस वर्षांतल्या या विषयावरच्या मराठी लेखनात मला कुलकर्णींचं लेखन सर्वांत मोलाचं वाटतं.

फुकुओकांचं काडाच्या क्रांतीचं पुस्तक मराठीत आलं तेव्हा आमच्याकडे त्यावर खूप वाद झाले. जपानच्या शिकोकू बेटावरचा हा शेतकरी सांगतो की नांगरू नका, पेंढा शेतालाच परत द्या. आणि इथे ऐन उन्हाळ्यात भाजावळ! तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागी शेण, त्यावर ऐन-किंजळाची कवळं, वर पातेरा, मग मातीचा पातळ थर. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावायची म्हणजे ती धुमसत हळूहळू सरकते. तण मरतं, तरवा उपटायला सोपा जातो. हे ज्ञान पिढ्यांचं आहे. पण त्यासाठी दरवर्षी झाडं खरवडली जातात, हेही खरं. जपानी पद्धत आपल्या कोकणी पावसात कुणग्यात जशीच्या तशी चालणार नाही. मात्र आपण काय जाळतो, हा विचार त्या पुस्तकाने कायमचा मागे लावला.

मग 2012 चा मे. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल त्या महिन्यात लोकांसमोर आला. सरकारकडे तो 2011 च्या ऑगस्टपासून होता. लोकांना तो दाखवायला इतके महिने लागावेत, याचा राग आजही जात नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा त्यात स्वतंत्र विचार आहे, लोट्याच्या कारखान्यांनी दाभोळ खाडीच्या मासेमारीचं काय केलं तेही आहे. निर्णय ग्रामसभांनी घ्यावा, असं त्यात आग्रहाने म्हटलं होतं. इथे मात्र अहवाल न वाचताच सभा तापल्या. गाडगीळांचं ‘सह्याचला आणि मी’ हे आत्मचरित्र आता आहे. अहवाल जड वाटणाऱ्याने त्यातून सुरुवात करावी.

अतुल देऊळगावकरांचं ‘विश्वाचे आर्त’ हवामानबदलाविषयी आहे. लांबचा वाटणारा हा विषय जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या आणि पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतून गेलं, तेव्हा आमच्या घरात शिरला.

या सुट्टीत कुणी विचारलंच तर मी ‘ऋतुचक्र’ आधी देईन, तेही वैशाखापासून वाचायला सांगून. त्यानंतर कुलकर्णी. आणि गाडगीळ अहवालातली आपल्या जिल्ह्याची पानं ग्रामसभेआधी, दोन-चार जणांनी मिळून, मोठ्याने वाचावीत.