बगळ्यांच्या मागे ब्रिस्टलला

नाशिकचा आमचा एक छायाचित्रकार मित्र येत्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलला राहायला चालला आहे. नोकरी वहिनींना लागली, हा त्यांच्यासोबत. पक्ष्यांचे फोटो काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. नांदूर मध्यमेश्वर, भिगवण, ताडोबा हे त्याचे नेहमीचे अड्डे. तिकडे गेल्यावर मात्र फोटो कमी आणि व्हिडिओ जास्त, असं त्याने ठरवलं आहे. हे कळल्यावर मंडळींनी त्याला दोन प्रकारे ऐकवलं. काही म्हणाले, ब्रिस्टल म्हणजे निसर्गपटांची पंढरी, नशीब काढलंस. बाकीचे म्हणाले, बीबीसीच्या दारात तुला कोण विचारतो!

पंढरीचं म्हणणं खोटं नाही. बीबीसीचं नॅचरल हिस्टरी युनिट १९५७ साली ब्रिस्टलमध्ये रीतसर सुरू झालं. 'लाइफ ऑन अर्थ' काय किंवा 'प्लॅनेट अर्थ' काय, त्या मालिका तिथेच घडल्या. तिथून बाहेर पडलेल्यांनी आपापल्या कंपन्याही त्याच शहरात थाटल्या. निसर्गपटांचा वाइल्डस्क्रीन महोत्सवही तिथलाच, १९८२ पासूनचा. त्याच्या पांडा पुरस्काराला 'ग्रीन ऑस्कर' म्हणतात आणि आपल्याकडचे निसर्गपटकार माइक पांडे यांनी तो मिळवलेला आहे. तिथल्या वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात वन्यजीव चित्रपटनिर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रमसुद्धा आहे. पण जिथे एका दृश्यासाठी माणसं महिनोन्महिने बसवून ठेवता येतात, तिथे एकट्याने जाऊन 'भव्य' काही करू म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्याने करायला हवं ते वेगळंच, आणि त्याचा कच्चा माल त्याच्याकडे आधीपासून आहे. पण त्याआधी त्याची एक खोड जायला हवी.

ती खोड म्हणजे फोटोवाल्याची घाई. गेल्या महिन्यात त्याने सरावाच्या काही क्लिपा मला पाठवल्या. एकीत खंड्या तारेवर बसलाय. दोन सेकंद ठीक. मग चित्र हिंदकळतं, कारण साहेबांना अजून जवळ जायचंय. तेवढ्यात खंड्या सूर मारतो, कॅमेरा त्याच्या मागे धावतो, पाणी, आकाश, पुन्हा पाणी, आणि शेवटी खणखणीत आवाजात 'अरे यार!' अख्ख्या क्लिपमध्ये तेवढं एकच स्पष्ट आहे. फोटोत नेमका क्षण पकडला की काम झालं. व्हिडिओत त्या क्षणाच्या आधीचे दहा सेकंद लागतात, नंतरचेही लागतात, आणि पक्षी उडून गेल्यावर हलत राहिलेली ती रिकामी तारसुद्धा लागते. खंड्याने मासा पकडला हे दाखवायचं तर पाण्याचा मोठा पट्टा हवा, पाण्यातली माशांची हालचाल हवी, पाण्याकडे लागलेला खंड्याचा डोळा हवा. हे तुकडे एकाच सकाळी मिळतील असं नाही. म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणं आलं.

यंत्राच्या सवयीही उलट्या कराव्या लागतात. उडत्या पक्ष्याचे पंख गोठवायला तो शटर १/२००० वर ठेवतो. व्हिडिओत सेकंदाला २५ चौकटी घ्यायच्या तर शटर साधारण १/५० वर आणतात. त्यामुळे प्रत्येक चौकटीत हालचाल जराशी पुसट होते आणि सलग बघताना डोळ्याला ती नैसर्गिक वाटते. १/२००० वर घेतलेली तीच उड्डाणं तडतडल्यासारखी दिसतात. पण भर उन्हात १/५० ठेवलं तर चित्र पांढरंफटक. म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर लावायचा, म्हणजे कॅमेऱ्याला गॉगल घालायचा. संथगती हवी तिथे सेकंदाला १०० चौकटी घेऊन २५ च्या वेगाने दाखवायच्या, की गती चौपट मंदावते. वीज दोन्हीकडे ५० हर्ट्झची, त्यामुळे हा २५-५०-१०० चा हिशेब तिकडेही चालेल. ब्रिस्टलच्या गल्ल्यांतून रात्री तांबडी खोकडं फिरतात, त्यांना रस्त्यावरच्या दिव्यांखाली टिपताना याचा उपयोग होईल. अमेरिकेला गेला असता तर ६० हर्ट्झच्या दिव्यांसाठी ही गणितं बदलावी लागली असती. खर्चाचा अंदाज मात्र त्याने आत्ताच घ्यावा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी भरतात, आणि प्रत्येक क्लिपची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

सर्वात मोठी फारकत आवाजाची. ६०० मिलिमीटरची लेन्स पक्ष्याला हातभर अंतरावर आणते, पण त्याचा आवाज होता तिथेच राहतो. माइकला ऐकू येतो तो वारा, शेजारच्याचा खोकला आणि लांबच्या रस्त्यावरचे ट्रक. टीव्हीवरच्या निसर्गपटांत सिंहाची पावलं वाजतात ती बहुधा स्टुडिओत वाजवलेली असतात. एकट्या माणसाने त्या फंदात पडू नये. एक बरा रेकॉर्डर, माइकवर वारा अडवणारं केसाळ आवरण, आणि चित्रण झालं तरी तिथेच बसून जागेचा नुसता आवाज टिपण्याचा धीर, एवढं पुरतं. ब्रिस्टलपासून गाडीने तासाभरावर सॉमरसेटच्या सखल, पाणथळ भागात हॅम वॉल नावाचं राखीव क्षेत्र आहे. पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेली माती, काढून झालेल्या खाणींच्या जागी तिथे लव्हाळ्याची तळी उभी केली आहेत. तिथे बिटर्न हा बगळ्यांच्या कुळातला तपकिरी पक्षी राहतो. लव्हाळ्यात तो असा मिसळतो की फोटोवाल्याने कपाळावर हात मारावा. पण वसंतात नर घुमतो ते काही किलोमीटरवर ऐकू जातं. १९९७ मध्ये साऱ्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर उरले होते ११. पाणथळींची निगा राखल्यावर आता ते दोनशेच्या वर गेले आहेत, आणि त्यांची मोजणी होते ती आवाजावरूनच. न दिसणाऱ्या पक्ष्यावर फोटोप्रदर्शन भरवता येत नाही. व्हिडिओ मात्र होतो.

हॅम वॉलच्या परिसरातच हिवाळ्याच्या संध्याकाळी स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे उतरतात. काल ते कुठे उतरले हे सांगणारी एक फोनलाइनसुद्धा आहे. आपल्याकडे भोरड्यांचे थवे पाहिलेल्याला हा तमाशा नवा नाही. त्या गर्दीत ट्रायपॉड लावायला जागा मिळवण्यापेक्षा त्याने दुसरीकडे बघावं असं मला वाटतं.

दुसरीकडे म्हणजे बगळ्यांकडे. छोटा बगळा, गायबगळा, मोठा बगळा. नांदूरला हे तिघे इतके नेहमीचे की नवशिकासुद्धा त्यांच्यावर कॅमेरा रोखत नाही. इंग्लंडमध्ये छोट्या बगळ्याची पहिली वीण नोंदली गेली १९९६ मध्ये, डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर. गायबगळ्याची २००८ मध्ये, सॉमरसेटमध्ये. मोठ्या बगळ्याची २०१२ मध्ये, हॅम वॉलच्या शेजारच्या शॅपविक हीथवर. युरोपातून ते वर सरकत आले. हिवाळे सौम्य झाले, पाणथळी राखल्या गेल्या, शिकार थांबली. म्हणजे जे पक्षी आपण गृहीत धरतो ते तिथे नवे रहिवासी आहेत, आणि त्यांच्या उभं राहण्याची, लकबींची, चिखल ढवळून मासे उठवण्याची खडान्‌खडा माहिती घेऊन आमचा मित्र तिथे उतरणार आहे. मी म्हणालो तो कच्चा माल हाच.

'तो गायबगळा तर आपलाच,' तो मला फोनवर म्हणाला. तसं नाही. अलीकडे पक्षीशास्त्रज्ञ आशियातला गायबगळा आणि पश्चिमेकडचा गायबगळा अशा दोन स्वतंत्र जाती मानतात. विणीच्या काळात आपल्याकडच्याचं अख्खं डोकं आणि मान केशरी होते. तिकडच्याच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर फिकट बदामी झाक येते, गाल पांढरेच. फोटोत हे दोन चौकटी शेजारी ठेवून सांगता येतं. व्हिडिओत दोन्ही पक्षी गुरांच्या पायांत नाचताना दाखवता येतील, इकडे म्हशी, तिकडे गाई, आणि फरक प्रेक्षकालाच हेरू देता येईल.

या गोष्टीला एक जुना धागाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांचे तुरे मिरवायची फॅशन होती. हे तुरे बगळ्याला विणीच्याच काळात फुटतात, म्हणून पक्षी मारले जायचे ते घरट्यांवर, आणि मागे पिल्लं उपाशी मरायची. लंडनच्या लिलावात पिसं वजनावर विकली जात. त्यांत हिंदुस्थानातून गेलेला मालही असे. त्याविरुद्ध इंग्लंडमधल्या काही बायकांनीच १८८९ मध्ये जी संघटना काढली ती आजची आरएसपीबी, म्हणजे पक्षीसंरक्षणाची तिथली सर्वात मोठी संस्था. इकडून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली, तिकडे आयातीवरचा कायदा १९२१ मध्ये झाला. ज्याचे तुरे एकेकाळी पेट्या भरून लंडनला जात, तो बगळा आता स्वतः जाऊन आरएसपीबीच्याच हॅम वॉलमध्ये राहतो आहे. एवढी तयार गोष्ट हाताशी असताना खोकडांच्या मागे रात्री कशाला जागवायच्या?

दोन गोष्टी त्याला तिकडे आयत्या मिळतील. एक, पायी फिरणं. ताडोबात जिप्सीतून उतरता येत नाही, शेजारचा हलला की चित्र हललं. इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांना चालायचा कायदेशीर हक्क असलेल्या वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैलांच्या आहेत, त्यांतल्या कित्येक शेतांमधून जातात. पक्षी बघायला बांधलेल्या लाकडी आडोशांत ट्रायपॉड टेकवून तासन्‌तास बसता येतं. दुसरी, उजेड. डिसेंबरात ब्रिस्टलचा दिवस आठ तासांहूनही लहान, पण सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजाच्या वर जेमतेम पंधरा अंश चढतो. नाशिकला सकाळी तासभर मिळणारा तिरपा, सोनेरी उजेड तिथे दिवसभर असतो. ढगांनी मनावर घेतलं नाही तर, अर्थात. जूनमध्ये उलट गंमत, दिवस साडेसोळा तासांचा. पक्ष्यांची पहाटेची गाणी टिपायची तर मे महिन्यात चारला उठावं लागेल, पण एरवी पाचला नांदूर गाठणाऱ्याला त्याचं काय!

तिथला कायदा मात्र आधी वाचून घ्यावा. १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या पक्ष्यांना घरट्यापाशी विचलित करणं हा गुन्हा आहे. दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही आहे. खंड्या, गव्हाणी घुबड, बहिरी ससाणा, बिटर्न हे सगळे त्या यादीत येतात, आणि 'मी फक्त शूटिंग करत होतो' ही सबब चालत नाही, परवाना लागतो. ड्रोनचा मोह असेल तर १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅम वजनापासूनच उडवणाऱ्याला ओळखक्रमांक लागतो. राखीव क्षेत्रांवर परवानगीशिवाय तो उडवूच देत नाहीत. माझं मत विचाराल तर ड्रोन घरीच ठेवावा. बगळ्यांची वसाहत वरून दाखवण्यापायी ती उठवून लावायची, हा व्यवहार मला पटत नाही.

पैशाचंही सांगून टाकतो, कारण याच बाबतीत लोक सर्वात जास्त स्वप्नं रंगवतात. तो पत्नीवर अवलंबून असलेल्याच्या व्हिसावर जातोय, त्यामुळे त्याला स्वतंत्र व्यवसाय करता येतो. विद्यार्थी व्हिसावर गेला असता तर तो करताच आला नसता. वर्षाला १००० पौंडांपर्यंतची अशी कमाई करमुक्त असते, त्यापुढे करखात्याकडे नोंद करावी लागते. यूट्यूबकडून जाहिरातीतला वाटा हवा तर १००० वर्गणीदार आणि वर्षभरात पाहिले गेलेले ४००० तास लागतात. पण दर ठरतो तो बघणाऱ्याच्या देशावर, करणाऱ्याच्या पत्त्यावर नाही. निवेदन मराठीत केलं आणि बघणारे सांगली-सोलापूरचे निघाले, तर ब्रिस्टलला राहून कमाई सांगलीच्याच दराने होणार. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हिरमुसला. तरीही मी मराठीच धर म्हणालो. इंग्रजीत बगळ्यांवर बोलणारे तिथे पैशाला पासरी मिळतील. पहिला व्हिडिओ मराठीतच व्हावा, इंग्रजी उपशीर्षकं खाली देता येतात.

सामानाबाबत एक बारीक मुद्दा. राहायला जाणाऱ्याला आपलं वापरातलं सामान करसवलतीत नेता येतं, पण ते निदान सहा महिने आधीपासून स्वतःचं असावं लागतं आणि तिथे पोचल्यावर वर्षभर विकता येत नाही. म्हणजे जायच्या आदल्या आठवड्यात इथून नवाकोरा कॅमेरा घ्यायचा त्याचा बेत बारगळला. जुनाच जाईल, नवा लागला तर तिथे घेईल.

पण खरी घाई निराळीच आहे. या गोष्टीचा अर्धा भाग इथे घडतो आणि तो सप्टेंबरनंतर मिळणार नाही. आपल्याकडे बगळ्यांची वीण पावसाळ्यात. ज्या तुऱ्यांपायी हे सगळं रामायण झालं ते आत्ताच, जून ते ऑगस्टच्या दरम्यान, झाडाझाडांवर दिसतील. निफाडकडे एका गावात भर वस्तीतल्या चिंचेवर दरवर्षी सारंगागार, म्हणजे बगळ्यांची विणीची वसाहत, असतं. खाली किराणा दुकान, वर पिल्लांचा कलकलाट, आणि गावाला त्या विष्ठेचं, वासाचं काही वाटत नाही. समोरच्या घराच्या गच्चीवरून झाड नजरेच्या पातळीत येतं, शिवाय पक्षी माणसांना सरावलेले, त्यामुळे त्यांना त्रास न देता तासन्‌तास बसता येईल. घरमालकांशी त्याने बोलून ठेवलंय, त्यांनी फक्त पत्र्यावर पाय देऊ नकोस म्हणून बजावलंय. रेकॉर्डर आला, माइकसाठी पावसाचं आवरण त्याने छत्रीच्या कापडातून शिवून घेतलं. ट्रायपॉडचं फ्लुइड हेड तेवढं अजून कुरिअरमध्ये अडकलंय. आठवडाभर वाट बघायची, नाहीतर कुणाचं तरी उसनं घेऊन निघायचं, असं ठरलंय.