कांद्याच्या सालींतील वीज

डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास आमच्या सोलापुरास जिकडे तिकडे कांदा दिसूं लागतो. सात रस्त्यावरून निघून हैदराबाद रस्त्यावरील सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवाराकडे गेल्यास गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात, आणि कांद्याच्या तांबूस साली वाऱ्याबरोबर पायांत घोटाळत असतात. त्या सालींस कोणी विचारीत नाहीं. परंतु हीच साल नीट बांधून दाबली असतां तींतून विजेचा लहानसा झटका निघतो, असें सांगितलें तर पुष्कळांस तें खरें वाटावयाचें नाहीं. म्हणून तें कसें घडतें तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गॅसची शेगडी पेटविण्याचा लायटर आमच्या सर्व वाचकांनीं पाहिला असेल. त्यांत बहुधा सेल नसतो. खटका दाबला कीं आंतील लहानशी हातोडी चिनी मातीसारख्या एका कठीण तुकड्यावर आदळते आणि ठिणगी उडते. कांहीं पदार्थ दाबले असतां त्यांच्या पृष्ठभागावर विद्युद्भार उत्पन्न होतो, हें १८८० सालीं फ्रान्समधील जाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं दाखविलें. या गुणास दाबविद्युत् म्हणतात. त्यांनीं तपासलेल्या पदार्थांत गारेच्या स्फटिकाबरोबर उसाची साखरही होती! साखर कारखान्यांनीं गजबजलेल्या आमच्या जिल्ह्यांत हें कितीजणांस ठाऊक असेल? पुढें १९५५ सालीं जपानचे एइइची फुकादा यांनीं लांकडांतही हा गुण असल्याचें सिद्ध केलें.

लांकूड आणि कांद्याची साल यांच्या अंगीं एक पदार्थ समान आहे, तो सेल्युलोज. त्याचे रेणू लांब साखळीसारखे असतात, आणि त्यांच्या कांहीं भागांवर किंचित् धन तर कांहींवर किंचित् ऋण भार असतो. साखळ्या अस्ताव्यस्त असल्या तर एकीचा परिणाम दुसरी खोडून काढते. त्या शिस्तीनें एका दिशेस लागलेल्या असल्या, तर दाबानें सर्वांचे भार एकदम थोडे सरकतात व पदार्थाच्या पृष्ठांवर भार प्रकट होतो. दाब काढला कीं भार उलट फिरतात. म्हणजे नुसतें दाबून धरून उपयोग नाहीं; दाबणें आणि सोडणें सारखें चाललें पाहिजे. मनुष्याचें चालणें, श्वास घेणें, नाडीचें उडणें हें सर्व याच जातीचें आहे.

खरगपूरच्या आय.आय.टी. मधील भानुभूषण खटुआ व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं कांद्याच्या सालीचें असें एक उपकरण प्रसिद्ध केलें. त्यापूर्वी २०१६ सालीं जादवपूर विद्यापीठांत दीपंकर मंडल व सुजयकुमार घोष यांनीं माशांच्या खवल्यांपासून तशीच वीज मिळविली होती. सालीच्या उपकरणांतून सुमारें १८ व्होल्टचा दाब मिळाला. हा आंकडा ऐकून कोणी घरचें वीजबिल बंद करण्याचे मनोरथ रचूं नयेत. कारण दाब मोठा असला तरी प्रवाह अत्यल्प असतो. एका सालीपासून क्षणभर तीन मायक्रोवॅट मिळाले असें धरलें, तर नऊ वॅटचा एक दिवा लावण्यास तीस लक्ष साली एकाच वेळीं दाबाव्या लागतील. ‘सालींपासून गांव उजळणार’ अशा बातम्या वाचतांना मुलांनीं हा साधा भागाकार करून पाहावा.

मग एवढ्या विजेचें काय करावयाचें? अंगावर बांधावयाचे संवेदक, म्हणजे नाडी, ताप, श्वास मोजणारीं इवलीशीं यंत्रें, यांची भूक फार थोडी असते. यंत्र बहुतेक वेळ निजून राहतें, मधून मधून जागें होऊन एक आंकडा घेतें. थेंब थेंब वीज सांठवून ती त्या क्षणीं खर्चिली तर काम भागूं शकतें; मात्र सांठवणच गळकी असेल तर तळें साचणार नाहीं. शिवाय नाडीच्या प्रत्येक ठोक्यास साल स्वतःच झटका देत असल्यानें, तोच झटका मोजला तर साल हीच संवेदक होते.

आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील यंत्रमागावर दिवसभर उभे असतात. सोलापूरचा उन्हाळा कसा असतो हें त्यांस सांगावयास नको. अंगाचा ताप वेळींच सांगणारें, सेल बदलण्याची कटकट नसलेलें साधन अशा मनुष्यास खरोखर हवें आहे. परंतु अडचण नेमकी तेथेंच आहे. त्याला घाम येतो, आणि सेल्युलोज ओलावा शोषून घेतें. म्हणून सालीवर रबरासारखें आवरण घालावें लागतें, आणि वीज वाहून नेण्यास दोन्ही अंगांस धातूचा थर द्यावा लागतो. तेव्हां ‘सर्वस्वीं नैसर्गिक’ हें विशेषण आम्हांस अर्धेंच खरें वाटतें. हजारों वेळां वांकून, घामांत भिजून साल किती दिवस टिकेल, या प्रश्नावरच पुढचें सारें अवलंबून आहे.

घरीं कांद्याची साल दाबून साध्या मीटरवर कांहीं दिसावयाचें नाहीं. त्याऐवजीं बिघडलेल्या गजराच्या घड्याळांतील पितळी चकती काढावी, तिच्या दोन तारांस एक लहान एलईडी दिवा जोडावा, खोलींत अंधार करावा आणि चकतीवर पेन्सिलीच्या मागच्या टोंकानें टिचकी मारावी. भिंतींतील विजेशीं कसलाही संबंध ठेवूं नये. दिवा क्षणभर लुकलुकेल; न लुकलुकल्यास तारा उलट जोडून पाहाव्या.