दोन हजारांतून सोळा

स्नेहसंमेलन आटोपले, मांडव उतरला, की आमचे काम सुरू होते. यंदा दोन कॅमेऱ्यांनी तीन दिवसांत २१४० छायाचित्रे टिपली. अंकात जागा मात्र सोळांनाच!

फिल्मच्या काळी एका रोलात ३६ फोटो निघत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वीच निम्मी निवड होऊन जाई. मग साऱ्या रोलाचा एकच कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचा, भिंग लावायचे आणि हवे त्यावर पेन्सिलीने खूण करायची. आता कळ दाबायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळी निवड मागाहून करावी लागते.

गेल्या वर्षी मी ती घाईने केली. त्याच रात्री, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहून, अस्पष्ट वाटलेले फोटो पुसून टाकले. त्यांत आमचे शिपाईमामा होते. पडद्याची दोरी धरून विंगेत उभे, एकांकिका पाहून हसणारे. मामा मे महिन्यात वारले. त्यांचा मुलगा कॉलेजात आला नि म्हणाला, "बाबांचा एखादा फोटो असेल काय?" नव्हता.

म्हणून यंदा आधी सर्व फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवले. तोवर कार्ड कोरे केले नाही. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे संमेलनापूर्वीच जुळवली होती, त्यामुळे फोटो वेळेप्रमाणे आपोआप क्रमाने लागले. पहिल्या फेरीत प्रत्येक फोटोला तीनच सेकंद, म्हणजे एकूण पावणेदोन तास. या फेरीत चांगले शोधायचे नाही; डोळे मिटलेले, हललेले तेवढे बाजूला काढायचे. बाजूला म्हणजे वेगळ्या फोल्डरात, केराच्या टोपलीत नव्हे. दुसरी फेरी एक दिवस सोडून. आपण खुर्चीवर चढून, धडपडून घेतलेला फोटो त्याच रात्री फार गोड वाटतो! एकाच क्षणाचे सात-आठ फोटो शेजारी मांडून, मोठे करून डोळे स्पष्ट आहेत का ते पाहायचे आणि एकच ठेवायचा.

हे झाले तंत्र. पण माझे सोळा ठरल्यावर कन्नड विभागाच्या मैत्रिणीने यादी पाहिली आणि म्हणाली, "अकरांत हारच आहेत की रे! आमचे ढोलवाले कुठे गेले?" मला उत्तर सुचले नाही.

निवडणाऱ्याची नजर चुकते, हे जुनेच आहे. ५ मार्च १९६० रोजी हवानातील शोकसभेत आल्बेर्तो कोर्दाने चे गव्हेराचे दोन फोटो घेतले. वर्तमानपत्राने कास्त्रोचे छापले, गव्हेराचे नाकारले. कोर्दाने निगेटिव्ह जपून ठेवली. म्हणूनच त्यांतला एक पुढे जगभर गेला.

आम्ही हारांचे सात फोटो काढले. ढोलवाले आले, स्वयंपाकघरातल्या मावशी आल्या. बाजूला काढलेल्या फोल्डरातूनही दोन परत आणले; त्यांतला एक किंचित हललेला आहे. तो पान ४२ वर पाहावा.